बिऱ्हाड नाकात, ठणका कानात

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की माझ्या टपालात कान वाढतात. या खेपेला पाच पत्रं लहान मुलांच्या कानदुखीचीच निघाली. म्हणून बाकीचे घसे आणि नाकं पुढच्या महिन्यावर ढकलून आज फक्त कान घेते.

प्रश्न : माझी मुलगी एक वर्ष आठ महिन्यांची आहे. गणपतीपासून आतापर्यंत तिचा कान तीनदा दुखला. दर वेळी आधी सर्दी, मग ताप, आणि रात्री दोन-अडीचला किंचाळून उठते. औषधाची बाटली संपते, थोडे दिवस बरं जातं, पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, न्हाऊ घालताना कानात पाणी जातं. आता मी तिचं डोकं धुवायलाच घाबरते. लशी सगळ्या वेळेवर दिल्यात. माझं चुकतंय कुठे?
– एक आई, विटा

उत्तर : आधी मुलीचं डोकं धुवा.

कानाचा पडदा शाबूत असेल तर आंघोळीचं पाणी पडद्यापलीकडे जात नाही. तुमच्या मुलीचा ठणका पडद्याच्या पलीकडचा आहे, मध्यकर्णातला. हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. मिरजेत दवाखाना थाटला त्या पहिल्याच उन्हाळ्यात आटपाडीकडची एक बाई कान वाहणारं पोर घेऊन आली. मी तिला सगळ्यांदेखत झापलं, "न्हाऊ घालताना कानात पाणी जातं, लक्ष कुठे असतं तुमचं?" ती गप्प राहिली. तिच्यासोबतची म्हातारी मात्र उठता उठता म्हणाली, "आमच्याकडं टँकर आठ दिसांनी येतोय बाई. प्यायला पुरंना, पोराला न्हाऊ कुठनं घालायचं?" त्या दिवसापासून 'पाणी गेलं असेल' हे वाक्य माझ्या तोंडातून निघालेलं नाही.

जंतू येतो तो नाकातून. मध्यकर्ण म्हणजे पडद्यामागची हवेची इवलीशी खोली. तिला हवा मिळते ती एका नळीतून, आणि ती नळी उघडते नाकाच्या पार मागे. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि चांगली उतरती असते. तान्ह्या मुलात जवळपास निम्मी आणि बरीचशी आडवी. सर्दीत नळीचं अस्तर सुजलं की ती बंद पडते, खोलीतली हवा अस्तरात शोषली जाते, आत ओढ तयार होते आणि नाकाच्या मागच्या भागात जे काही असेल ते आत खेचलं जातं.

तिथे असतात तीन जुने भाडेकरू : न्यूमोकॉकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि मोराक्सेला कॅटारॅलिस. बहुतेक मुलांच्या नाकात पहिल्या वर्षा-दोन वर्षांत यांतलं कोणी ना कोणी बिऱ्हाड करून जातंच, आणि एरवी काही त्रासही देत नाही. नाकातला शेंबूड सारखा मागे सरकत असतो आणि आपण तो गिळत असतो. त्यासोबत वाहून जायचं नसेल तर जंतूला अस्तराला धरून बसावं लागतं. त्यासाठी त्यांच्या अंगाबाहेर प्रथिनांचे आणि साखरेचे रेणू असतात. एरवी अस्तराची राखण चांगली असते. सर्दीचा विषाणू आला की ती बिघडते. फ्लूचा विषाणू तर आपल्या पेशींवरच्या साखरेची टोकंच कापत जातो, आणि त्याखालची जागा न्यूमोकॉकसला धरायला मोकळी होते. म्हणून आधी सर्दी, मग कान, हा क्रम तुम्ही अचूक टिपला आहे.

तीनदा का, याचं उत्तर असं की तीन वेळा तोच जंतू असेलच असं नाही. बरेचदा दुसरा वाण असतो. पहिल्या वाणाच्या अंगावरचे रेणू ओळखायला तुमच्या मुलीचं शरीर शिकलं, तरी दुसऱ्याची ओळख त्याला नसते. शिवाय दोन वर्षांखालच्या मुलांचं शरीर जंतूंच्या साखरेच्या वेष्टनाला फार क्षीण प्रतिसाद देतं. यात तुमचं काही चुकत नाहीये. तिचं वयच तसं आहे, सहा महिने ते दोन वर्षं हाच कानदुखीचा सगळ्यात वाईट काळ.

आता कामाचं. सहा महिन्यांत तीनदा म्हणजे 'वारंवार होणारी कानदुखी' हा शिक्का बसतो, तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच. जाताना तिन्ही वेळच्या तारखा आणि औषधांची नावं कागदावर लिहून न्या, निम्मं काम तिथेच होतं. बाटलीने दूध देत असाल तर आडवं झोपवून देऊ नका. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्यांना अंगणात नव्हे, रस्त्यावर पाठवा. रात्री ठणका लागला तर डॉक्टरांनी वजनावर ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल द्या आणि सकाळी कान दाखवा. कानामागे सूज येऊन कानाची पाळी पुढे ढकलल्यासारखी दिसली, चेहरा एका बाजूला वाकडा झाला किंवा मूल सुस्त पडलं, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या.

प्रश्न : आमच्या वेळी लसणाची पाकळी टाकून तेल कडवायचं, कोमट झालं की कानात दोन थेंब. रडणारं पोर झोपी जायचं. आता सूनबाई कानाला तेलाचा हात लागू देत नाही. मालिशवालीलाही तिने नाकाकानात तेल सोडायची बंदी केली आहे, धुरीही नको म्हणते. आमची पोरं काय बहिरी झाली?
– एक आजी, कडेगाव

उत्तर : आजी, सूनबाईंच्या बाजूने निकाल देते, रागावू नका.

पडदा धड असेल तर तेल बाहेरच राहतं आणि दुखणं आत. पडदा फुटलेला असेल तर तेल नको तिथे पोचतं. मग पोर झोपायचं कसं? बहुतेक मुलांचा ठणका दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतो. कधी पडदा फुटून पू बाहेर येतो आणि दाब गेल्यामुळे दुखणं क्षणात थांबतं. श्रेय त्या वेळी जे हाताशी असेल त्याला मिळतं. तुमच्याकडे तेल होतं. नाकात सोडलेलं तेल तर फुप्फुसात उतरून न्यूमोनिया करू शकतं, त्याला बंदी हवीच. ओव्याच्या धुरीचा वास मलाही आवडतो, पण धूर तो धूर, नाकाचं अस्तर त्याने कमजोर होतं. बाहेरून कोमट कपड्याचा शेक द्यायचा असेल तर खुशाल द्या.

तुमच्या पिढीची एक गोष्ट मात्र सोळा आणे खरी. तुम्ही मुलांना वर्ष-दीड वर्ष अंगावर पाजलंत. आईच्या दुधात बाळाला पचतही नाहीत अशा लांबट साखरा असतात. त्या दिसतात आपल्या पेशींवरच्या साखरांसारख्या. प्रयोगशाळेत असं दिसलं आहे की दुधामुळे न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस घशाच्या पेशींना कमी चिकटतात. जंतू दारावरच भलत्याच कडीला धरून बसतो म्हणा ना. अंगावर पिणाऱ्या बाळांचे कान कमी दुखतात, हेही पुष्कळ ठिकाणी पाहिलं गेलं आहे. सूनबाईंना त्यासाठी वेळ आणि विसावा मिळेल एवढं बघा. तेलाच्या बाटलीपेक्षा तो जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. ग्रिफिथच्या १९२८ च्या प्रयोगात आम्हाला शिकवलं की कवच असलेला न्यूमोकॉकस उंदीर मारतो, कवच नसलेला मारत नाही. माझ्या भाचीच्या कानातल्या पुवाच्या अहवालात 'हिमोफिलस इन्फ्लुएन्झी, टाइप न होणारा' असं आलंय. म्हणजे याला कवचच नाही. मग तो निरुपद्रवी का नाही? त्याच्या अंगावर असं आहे तरी काय?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : असं पत्र वर्षातून एखादं येतं, आणि मग दवाखान्यातून घरी जायला उशीर होतो.

कवच म्हणजे जंतूभोवतीचं साखरेचं वेष्टन. त्यावरून या जंतूची विभागणी केली मार्गारेट पिटमन यांनी, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत, १९३१ मध्ये. काही वाणांना कवच होतं, त्यांचे ए ते एफ असे सहा प्रकार झाले. बाकीच्यांना कवच नव्हतं, म्हणून त्यांचा टाइप ठरेना. तेच हे 'टाइप न होणारे'. तुझा प्रश्न बरोबर आहे, पण त्याखाली एक गृहीतक दडलंय. ग्रिफिथचे उंदीर टोचलेले होते. जंतू थेट शरीराच्या आत गेला, आणि तिथे कवच नसेल तर पांढऱ्या पेशी त्याला गिळून टाकतात. भाचीच्या कानात जंतू रक्तातून आलेला नाही. तो नाकाच्या अस्तरावरून चालत चालत आला. तिथे जाड कवच अडचणीचंच ठरतं, कारण कवचाखालचे चिकटणारे रेणू झाकले जातात. न्यूमोकॉकससुद्धा नाकात राहताना कवच पातळ ठेवतो आणि रक्तात उतरताना जाड करतो.

आता अंगावर काय आहे ते. प्रथिनांचे चिकटे आहेतच, बहुतेक वाणांत दोन मोठी प्रथिनं हेच काम करतात. पण खरी गंमत साखरेत आहे. या जंतूच्या बाहेरच्या आवरणात लायपोऑलिगोसॅकराइड नावाचा रेणू रोवलेला असतो, आपण त्याला 'लॉस' म्हणू. त्याचा स्निग्ध बुंधा आवरणात रुतलेला आणि बाहेर साखरेच्या आखूड फांद्या. तुझ्या पाठ्यपुस्तकातल्या ई. कोलायच्या फांद्या लांबलचक असतात, याच्या छाटल्यासारख्या. त्या फांद्यांच्या टोकांना हा जंतू काय काय लटकवतो ते बघ.

एक म्हणजे फॉस्फोकोलिन. हा आपल्याच पेशींच्या आवरणातला तुकडा. श्वसनमार्गाच्या पेशींवर एक ग्राहक-रेणू असतो, जो आपल्या शरीरातला फॉस्फोकोलिन असलेला एक स्निग्ध निरोप्या ओळखतो. जंतू तोच तुकडा पुढे करतो आणि दार उघडून घेतो. त्याला लागणारा कोलिनही तो आपल्याकडूनच मिळवतो. आपल्या पेशींच्या स्निग्ध पदार्थांतून कोलिन सोडवणारं एक विकर (एन्झाइम) त्याच्या पृष्ठभागावर असतं, नाव प्रोटीन डी. हे नाव ध्यानात ठेव, पुढच्या उत्तरात ते पुन्हा येणार आहे.

पण याची किंमतही आहे. ताप आला की डॉक्टर 'सीआरपी' तपासायला सांगतात ना? ते प्रथिन १९३० मध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना सापडलं ते न्यूमोकॉकसच्या 'सी' नावाच्या साखरेला चिकटतं म्हणून, नावही त्यावरूनच. ते नेमकं कशाला चिकटतं? त्या साखरेवरच्या फॉस्फोकोलिनला. म्हणजे जो तुकडा नाकात दार उघडतो, तोच रक्तात पकडून देतो.

मग जंतू काय करतो? बहुरूपी होतो. आमच्या गल्लीत पूर्वी बहुरूपी यायचा, एका दिवशी फौजदार बनून दंड मागायचा, दुसऱ्या दिवशी वैद्य. फरक एवढाच की हा बहुरूपी वेश ठरवून बदलत नाही, मोजण्यात चुकून बदलतो. फॉस्फोकोलिन लावणाऱ्या जनुकात सी-ए-ए-टी ही डीएनएची चार अक्षरं एकापाठोपाठ कितीतरी वेळा आलेली असतात. पोथी उतरवून घेणारा 'राम राम राम' तीसदा लिहिताना एखादा राम जास्त लिहून बसतो, तसं जनुकाची नक्कल होताना एखादा सी-ए-ए-टी वाढतो किंवा गळतो. जनुक वाचलं जातं तीन-तीन अक्षरांनी, आणि भर पडली चाराची. पुढचं सगळं वाचन सरकतं, प्रथिन बनतच नाही, फॉस्फोकोलिन बंद. कुठल्या तरी पुढच्या पिढीत पुन्हा एखादी चूक होते आणि ते चालू. वाइझर, लव्ह आणि मॉक्सन यांनी हे १९८९ मध्ये उलगडलं. असे चालू-बंद होणारे साखरेचे जनुक या जंतूत एकापेक्षा जास्त आहेत. म्हणजे भाचीच्या नाकात एका वेळी एकाच कुळाचे पण वेगवेगळ्या पेहरावांतले जंतू असतात. प्रतिपिंडं त्यांतल्या एका पेहरावावर तुटून पडतात, दुसरा निसटतो.

लॉसच्या टोकाला लटकवायची दुसरी वस्तू म्हणजे सायलिक आम्ल. ही साखर आपल्या पेशींच्या अंगावर सगळीकडे असते, आणि रक्तातली संरक्षक प्रथिनं ती पाहून 'हा आपलाच' म्हणून मागे फिरतात. हिमोफिलसला ही साखर स्वतः बनवता येत नाही. तो ती आपल्याकडून उचलतो आणि अंगावर चढवतो. आपलाच सदरा घालून आपल्याच घरात फिरायचं. ही चोरी किती महत्त्वाची, ते चिंचिलावर तपासलं गेलं. चिंचिला हा अँडीज पर्वतातला, उंदराच्या गोत्यातला गुबगुबीत प्राणी, त्याचा मध्यकर्ण प्रशस्त असल्यामुळे कानाच्या संशोधनात तो वर्षानुवर्षं वापरला जातो. २००३ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात सायलिक आम्ल अंगावर चढवता न येणारे हिमोफिलस चिंचिलांच्या कानात सोडले, आणि त्यांना तिथे रोग करणं जवळपास जमलंच नाही. कवच नसलेल्या जंतूचं रहस्य माझ्या मते इथे आहे. स्वतःचं कवच नसलं तरी उसनं चालतं.

आता लॉसचा बुंधा. तो आपल्या शरीराला फारच लवकर कळतो. पेशींवरचा टीएलआर-४ नावाचा पहारेकरी त्याला पाहताच बोंब ठोकतो आणि सूज, पाणी, पू, ताप सगळं सुरू होतं. भाचीला जो ठणका लागला, तो मुख्यतः या बोंबेचा. अस्तर सुजून पाणी सुटतं, बंद खोलीत ते कोंडतं आणि पडदा आतून बाहेर फुगतो. पडद्याला संवेदना भरपूर. आणखी एक : जंतू मेला तरी बुंधा उरतो. चिंचिलाच्या कानात नुसतं हिमोफिलसचं अंतर्विष, म्हणजे हाच लॉस, टोचलं, जिवंत जंतू एकही नाही, तरी कान सुजतो. हे १९८० च्या दशकातच दाखवलं गेलं आहे.

राहिला बायोफिल्म. तू नाल्याच्या दगडावरचा बुळबुळीत थर पाहिला असशील, तसा थर जंतू मध्यकर्णाच्या अस्तरावर धरतात. २००६ मध्ये अमेरिकेत २६ मुलांच्या मध्यकर्णातल्या अस्तराचे ५० तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. कुणाच्या कानात पाणी साठून राहिलेलं, कुणाला पुन्हा पुन्हा कानदुखी. त्या ५० पैकी ४६ तुकड्यांत बायोफिल्म होता. थरातल्या जंतूंपर्यंत अँटिबायोटिक नीट पोचत नाही आणि ते पेट्रीडिशमध्येही सहजी वाढत नाहीत. तुमच्या प्रयोगशाळेत 'वाढ नाही' असा अहवाल आला तर आता तू दोनदा विचार करशील.

परीक्षेत मात्र 'कवच म्हणजे रोगकारकता' हेच लिही, गुण त्यालाच मिळतील. तुझ्या शिक्षकांना माझा नमस्कार.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. आया विचारतात, न्यूमोनियाची लस दिली तरी कान का दुखतो? आणि पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या लशीत हिब असते, तो हिमोफिलसच ना? मग तीही कुचकामी का? मी काय सांगू?
– एक ताई, जत तालुका

उत्तर : ताई, कुचकामी एकही नाही, त्यांची कामं वेगळी आहेत.

हिबमधला 'ब' म्हणजे बी प्रकारचं कवच. मेंदूज्वर करणारा, कवच घातलेला हिमोफिलस तो. लस त्याच्या कवचाची साखर शरीराला ओळखायला शिकवते. कानातल्या हिमोफिलसला ते कवचच नसतं, तर लस ओळखणार काय? चेहऱ्याचा फोटो दिला आणि आला तो बुरखा घालून, असं नाही. हा माणूसच दुसरा.

न्यूमोकॉकसची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर आली. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्यात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची न्यूमोसिल दहा प्रकारच्या कवचांची आहे. न्यूमोकॉकसची कवचं मात्र शंभराच्या घरात. फिनलंडमध्ये सात प्रकारांच्या जुन्या लशीची कानासाठी मोठी चाचणी झाली, २००१ मध्ये तिचे आकडे आले. लशीतल्या सात प्रकारांमुळे होणारी कानदुखी ५७ टक्क्यांनी कमी झाली. पण सगळी कानदुखी मोजली तर फक्त ६ टक्क्यांनी, कारण रिकाम्या जागेवर लशीत नसलेले प्रकार वाढले आणि हिमोफिलस तर होताच. नंतर चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकियात एक वेगळी लस तपासली गेली. तिच्यात ११ कवचांच्या साखरेला हिमोफिलसचं प्रोटीन डी जोडलं होतं, वर विद्यार्थ्याला सांगितलं तेच विकर. तिथे एकूण कानदुखी सुमारे एक तृतीयांशाने घटली, हिमोफिलसची कानदुखीही घटली. पेहराव बदलला तरी हे विकर टिकून राहतं, हा त्यामागचा हिशेब. आपल्या कार्यक्रमातल्या लशीत प्रोटीन डी नाही.

आयांना एवढंच सांगा : ही लस मुख्यतः फुप्फुसासाठी आणि मेंदूसाठी, मूल मरू नये म्हणून. कानाला जेवढा फायदा होतो तो वरकड. आणि नववा महिना चुकवू नका, रानात ऊसतोडीला गेलं तरी कार्ड सोबत न्या. तिथल्या केंद्रावरही डोस मिळतो.

प्रश्न : मुलगा साडेचार वर्षांचा. दीड महिन्यापूर्वी कान दुखला, अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण केला, दुखणं गेलं. पण आता टीव्ही मोठ्याने लावतो, हाक मारली की 'काय?' विचारतो. बाई म्हणतात, वर्गात लक्ष नाही. एका डॉक्टरांनी दोन्ही पडद्यांमागे पाणी आहे म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी लगेच ग्रोमेट, म्हणजे पडद्यात हवेसाठी बारीक नळी, टाकू म्हटलं. आणखी एक अँटिबायोटिकचा कोर्स करून बघू का?
– एक वडील, सांगली

उत्तर : कोर्स नको. ग्रोमेटही आजच नको.

माझा दवाखाना मिरजेत, तंबोऱ्यांच्या गावात. रोज जाता-येता कारागिरांनी वाळत घातलेले भोपळे दिसतात. भोपळा पोकळ आणि कोरडा असतो म्हणून तार घुमते. त्यात वाटीभर पाणी ओता, तार तीच, जवारी तीच, आवाज बसतो. तुमच्या मुलाचा मध्यकर्ण सध्या तसा आहे. नस ठीक असावी, खोलीत पाणी आहे.

हे पाणी राहणं नेहमीचं आहे. कानदुखीनंतर महिन्याने साधारण चाळीस टक्के मुलांच्या पडद्यामागे पाणी असतं, तीन महिन्यांनी दहा ते पंचवीस टक्क्यांत. जंतू मेले तरी त्यांच्या आवरणाचे तुकडे आत राहतात आणि अस्तराला चिथावत राहतात. मेलेल्याला मारायला अँटिबायोटिक देऊन काय होणार? जुलाब होतील.

तीन महिने पूर्ण होऊ द्या. तोवर ऐकण्याची रीतसर तपासणी आणि पडद्याच्या हालचालीची, टिम्पॅनोमेट्रीची, तपासणी करून घ्या. दोन्ही आपल्याकडे होतात, मुलाला दुखत नाही. तीन महिन्यांनंतरही दोन्ही कानांत पाणी असेल आणि ऐकणं कमीच भरलं, तर ग्रोमेट ही चांगली शस्त्रक्रिया आहे, तेव्हा तिला घाबरू नका. मूल तोंड उघडं टाकून झोपतं का, घोरतं का, तेही बघून ठेवा. नाकामागची अ‍ॅडेनॉइड ही गाठ वाढलेली असेल तर त्याचा विचार त्याच वेळी होईल.

आणि उद्याच शाळेत जाऊन बाईंना भेटा. मुलाला पहिल्या बाकावर बसवा, बोलताना त्याच्याकडे तोंड करून बोला, पाठीमागून हाका मारू नका. दोन्ही तपासण्यांचे अहवाल पाठवलेत तर पुढच्या अंकाआधी बघून कळवते.